डाव्या पिळाची फांदी

ब्रशच्या कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत. मालक तिच्याहून बारा वर्षांनी मोठा, पण तोही ताईच म्हणे. चाळीस वर्षं ती एकाच टेबलाशी उभी होती आणि कामही एकच होतं. तार मधोमध दुमडायची, दोन पदरांमध्ये नायलॉनचे केस सारखे पसरायचे, एक टोक पकडीत अडकवायचं आणि हँडल फिरवायचं. तारेला पीळ बसतो, पिळात केस आवळले जातात आणि बाटली धुवायचा ब्रश तयार होतो. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एकदा. पहिल्या दिवशी सगळे केस एकाच बाजूला मिशीसारखे गोळा होतील आणि ताई तुमच्याकडे न बघताच म्हणेल, "छान झालाय. घरी न्या, पोरांना घाबरवायला होईल."

हे काम तिने वडिलांकडून उचललं. तेही त्याच कारखान्यात, त्याच टेबलाशी होते. फरक एवढाच, की ते डावखुरे होते. सगळं जग हँडल उजवीकडे फिरवतं, ते डावीकडे फिरवायचे. त्यामुळे त्यांच्या ब्रशांना डावा पीळ पडायचा. बाटलीला त्याने काय फरक पडतो? मुकादम दोन दिवस कुरकुरला आणि मग गप्प बसला. आपल्या दोन्ही मुलांना त्यांनी शिकवलं तेही डाव्याच पिळाने. कारखान्यासाठी ताई चारचौघांसारखा उजवा पीळ घाली, घरच्या कामाला मात्र डावा.

घरचं काम म्हणजे झाड. नाताळचं झाड.

त्याची गोष्ट अशी, की एका वर्षी रंगाऱ्याच्या हातून घोळ झाला आणि पोतंभर केस पांढऱ्याऐवजी गर्द हिरवे निघाले. हिरवा ब्रश घ्यायला कोणी तयार होईना. पोतं फेकायला निघालं, तसं वडिलांनी ते खांद्यावर टाकलं आणि थेट घरी आणलं. आईने डोक्याला हात लावला. आठवडाभर घरात तार, हिरवे केस आणि वडिलांच्या गुणगुणण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. आठव्या दिवशी एका जाड लाकडी दांड्याला भोकं पाडून, त्यांत हातभर लांब ब्रश फिरवून बसवून, त्यांनी पुरुषभर उंचीचं झाड उभं केलं. धाकटा, म्हणजे ताईचा भाऊ, तेव्हा चार वर्षांचा होता. तो झाडाभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "याने कोणाची बाटली धुवायची?"

झाडाला फांद्या दोन जातींच्या. मागच्या आणि वरच्या त्या भरतीच्या, नुसतं झाड भरलेलं दिसावं म्हणून. पुढच्या त्या नावाच्या. घरातल्या प्रत्येक माणसाची एक फांदी, आणि ती ज्याची त्यानेच सजवायची. दुसऱ्याच्या फांदीला बोट लावायचं नाही. आई आपल्या फांदीवर जुन्या कपड्यांची बटणं ओवून लावी. कोणतं बटण कोणाच्या सदऱ्याचं, हे तिला तोंडपाठ होतं. वडील कारखान्यातले छोटे नट घासूनपुसून चकाकवत आणि दोऱ्याने टांगत. धाकटा रंगीत कागदातल्या गोळ्या टांगायचा, म्हणजे टांगायचा म्हणे. नाताळ उजाडेपर्यंत कागद तेवढे उरत आणि त्यांत कापूस कोंबलेला असे. आईने एकदा कौतुकाने एक गोळी तोंडात टाकली आणि कापूस चघळत राहिली. पुढे वीस वर्षं त्या घरात कापूस हा शब्द कोणी काढला की सगळे हसून बेजार होत. आणि ताई? ती दरवर्षी अंगठ्याएवढा एक ब्रश करी, त्या त्या वर्षी कारखान्यात आलेल्या केसांचा. एका वर्षी निळा, एका वर्षी घोड्याच्या खऱ्या केसांचा, एका वर्षी असा गुलाबी की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. तिच्या फांदीच्या टोकाला वडिलांनी लाल दोरा गुंडाळला होता. पोरगी मोठी, म्हणून ओळखीची खूण.

आणि एक नियम होता. लावलेली नावाची फांदी काढायची नाही. माणूस दूर गेलं, रुसलं, वारलं, तरी फांदी तिथेच राहणार. गेलेल्याची फांदी घरातल्या थोरल्याने सजवायची. आजी गेली तेव्हा तिच्या फांदीवर वडिलांनी आपलेच नट टांगले, आणि वडील गेले तेव्हा ते नट आईने टांगले. आई गेली आणि बटणंही ताईकडे आली, नटही आले. धाकटा तीन वर्षं परगावी नोकरीला होता तेव्हा त्याच्या फांदीवर ताई कागदात गुंडाळून कापूस टांगायची आणि एकटीच हसायची.

तिचं लग्न झालं नाही. होता होता राहिलं असंही नाही. कधी झालंच नाही, बस. आईचं दुखणं, धाकट्याचं शिक्षण, मग त्याचं लग्न, मग त्याच्या मुलाची आजारपणं, आणि मध्येच कधीतरी ती अठ्ठावन्न वर्षांची झाली. कोणी हळहळलं तर ती म्हणे, "अहो, मला रोज तीनशे ब्रशांना पीळ घालायचा असतो. नवऱ्याला कुठे घालत बसू?" धाकट्याची बायको घरात आली तेव्हा तिची फांदी ताईनेच केली, दांड्याला भोकही तिनेच पाडलं. भाचा झाला तेव्हा बारशाआधी फांदी तयार होती. हे आपलं काम आहे, यात तिला कधी शंका आली नाही. माणसाला आपली जागा कुठे आहे हे ठाऊक असलं, की त्याला आरशात फार बघावं लागत नाही.

यंदा भाच्याचं लग्न झालं आणि धाकटा तिच्या दोन खोल्यांच्या घरी आला. चहाचा कप हातात धरून म्हणाला, "ताई, झाड यंदापासून आमच्याकडे नेऊ का? आमचा हॉल मोठा आहे. सुनेचे आईवडील पण येतील बघायला."

झाड आजवर तिच्याच घरी उभं राहत आलं होतं. पण झाड काय आपल्या एकटीचं आहे? तिनेच चादरीत गुंडाळून दिलं, जिना उतरताना वरचं टोकही तिनेच धरलं.

महिन्याभराने तो कारखान्याच्या फाटकाशी आला. सुनेसाठी फांदी हवी होती. ताईने त्या फांदीला तीन संध्याकाळ दिल्या. केसांचे तीन हिरवे रंग मिसळले, पुढे बारीक आणि मागे भरदार, अशी पिसासारखी निमुळती केली. चाळीस वर्षांत इतकी देखणी वस्तू तिच्या हातून झाली नव्हती. देताना म्हणाली, "भोक पाडायला मी रविवारी येते."

"छे, छे! तू कशाला तंगडतोड करतेस? मी करतो सगळं."

ताईला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, याला घरातल्या कामाची अक्कल आली, असं तिने टेबलाशेजारच्या बाईला सांगितलंसुद्धा. बिचारी!

नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी ती धाकट्याच्या घरी पोचली. पिशवीत आईच्या बटणांची माळ, वडिलांच्या नटांची पुडी आणि यंदाचा छोटा ब्रश होता, चंदेरी केसांचा. हॉलमध्ये झाड खिडकीशी उभं होतं आणि खरंच शोभत होतं. भाचा खुर्चीवर चढून वरच्या भरतीच्या फांद्यांवर दिवे सोडत होता. नवी सून खाली बसून आपल्या फांदीवर कागदाचे पक्षी टांगत होती.

"आत्या, या ना! बघा, माझी फांदी!" ती इतक्या आनंदाने म्हणाली की ताईला आधी नुसतं हसूच आलं.

मग तिने आपली फांदी शोधली. खालून दुसरी, खिडकीच्या अंगाला. तिथे सुनेचे पक्षी होते. ताईला वाटलं, आपलंच चुकतंय, झाड फिरवून ठेवलं असेल. ती झाडाभोवती फिरली. आजी, वडील, आई, धाकटा, त्याची बायको, भाचा, सून. पुन्हा मोजलं. लाल दोरा कुठेच नव्हता.

"धाकट्या, माझी फांदी रे?"

धाकटा तारांचा गुंता सोडवण्यात अचानक फार गढून गेला होता. "अगं हो, सांगायचंच राहिलं. झाड आणताना मोडली गं ती. जुनी झाली होती ना. मग ती जागा रिकामीच होती, म्हणून हिची तिथे बसवली. तू आमच्या फांदीवर लाव की! तू काय, घरचीच."

ताईने आपल्या जागेवरच्या पक्ष्यांकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "मोडायचीच. मालकिणीचे गुडघे गेले, तिची काय कथा." भाचा हसला. ताईने चंदेरी ब्रश परत पिशवीत टाकला आणि पाणी प्यायला आत गेली. राग नव्हता तिला. वाईट वाटत होतं, एवढंच. मोडलेल्या वस्तूवर कोण रागावणार?

स्वयंपाकघरात भावजय भांडी विसळत होती. नळाजवळ एका उंच पेल्यात साबणाची वडी, घासणी आणि हातभर लांब हिरवा ब्रश उभा होता. त्याच्या टोकाला विटलेला लाल दोरा होता.

ताईने तो उचलला. त्यातून पाणी ठिबकत होतं. भावजयीने मागे वळून बघितलं आणि तिचा चेहरा पडला. कोणी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मी नाही हो काढली, ताई."

ताई फांदी उजेडात धरून फिरवत होती. चाळीस वर्षं रोज तीनशे ब्रश तपासणारी बाई ती. ती असं मुद्दाम बघत नाही, तिला दिसतंच. पीळ घट्ट होता. एक केस गळलेला नव्हता. दांड्यात बसणारं तारेचं टोक सरळ, अख्खं, कुठे वाकलेलंसुद्धा नाही. ही फांदी मोडली नव्हती.

आणि ती आपोआप निसटलीही नव्हती. पिळाची तार लाकडात स्क्रूसारखी बसते. काढायची तर कोणीही माणूस स्क्रू काढतो तशी डावीकडे फिरवणार. पण डाव्या पिळाची फांदी डावीकडे फिरवली की सुटत नाही, आणखी आत रुतते. वर जोर लावला तर पीळ उलगडतो आणि मूठभर केस खाली पडतात. ती काढायची तर उजवीकडे फिरवावी लागते, हलक्या हाताने, जरा बाहेर ओढत. हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं. त्यांतलं एक वारलं होतं. दुसरी ती स्वतः, इथे हातात फांदी धरून उभी होती. आणि तिसऱ्याला, तो नऊ वर्षांचा असताना, या दुसरीनेच त्याचा हात हातात धरून शिकवलं होतं.

"माहीत आहे मला," ताई भावजयीला म्हणाली. "तू काढली असतीस तर हिचे केस गळले असते."

धाकटा दारात येऊन उभा राहिला होता. फांदी बघून तो जागीच थबकला. भावजय हात पुसत बाहेर निघून गेली.

"मोडली म्हणालास."

"ताई, ऐक ना..."

"मोडली म्हणालास तू मला."

तो हळू आवाजात बोलू लागला. "पुढे सातच जागा बसतात नीट. आठवी दाटीवाटीची होते. सुनेचे आईवडील येणार, त्यांच्या मुलीची फांदी मागे भिंतीकडे कशी लावू? आईबाबांची काढता येत नाही. आजीचीही नाही. मग म्हटलं... तू एकटीच. तुझ्या मागे कोणी नाही. मला वाटलं..."

"मागे भिंतीकडे मला लावायचं होतंस."

त्याने वर बघितलं.

"मला मागे लावायचं होतंस, धाकट्या. तिथे अठरा भरतीच्या फांद्या आहेत. त्यांतली एक काढली असतीस तरी चाललं असतं. मला विचारलं असतंस तर मीच येऊन लावली असती. मी काही म्हटलं असतं का?"

"नसतंस म्हटलं," तो म्हणाला. "तू कधीच काही म्हणत नाहीस. म्हणूनच तर..."

पुढचं त्याने गिळलं, पण ताईला ते ऐकू आलंच. काही म्हणत नाही, म्हणून हिची काढू. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. कापणारा कोणी वैरी नव्हता. त्याच्या फांदीवर तीन वर्षं तिने कापूस टांगला होता. जागेचं दुःख तिला गिळता आलं असतं. आयुष्यात तिने जागा सोडण्याखेरीज दुसरं केलं काय होतं? पण बाबांची विद्या, तिने त्याच्या हातात दिलेली, त्याने पहिल्यांदा वापरली ती तिलाच उपटायला. आणि वर तिच्या तोंडावर खोटं बोलला. तिला त्या क्षणी तो आवडेनासा झाला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

"आणि बाटल्या धुवायला ठेवलीस," ती म्हणाली.

"फेकवेना मला."

हे त्याने इतक्या मनापासून सांगितलं की ताई त्याच्याकडे बघतच राहिली. फेकली नाही याचं त्याला समाधान होतं!

तिने फांदी टॉवेलने नीट पुसली, पिशवीत घातली आणि हॉलमध्ये आली. तिथे सगळं आनंदात चाललं होतं. सुनेने शेवटचा पक्षी लावला, मागे सरून बघितलं आणि म्हणाली, "आत्या, प्रत्येकाची फांदी असते ना? तुमची कोणती? मला दाखवा ना, मी फोटो काढते."

भाचा खुर्चीवरून खाली बघू लागला. स्वयंपाकघराच्या दारातून धाकटा ताईकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि विनवणीच्या खाली खात्री होती. ताई सांभाळून घेईल. ताई नेहमी सांभाळून घेते. शाळेची काच फोडली तेव्हाही, बाबांचं घड्याळ हरवलं तेव्हाही तिनेच सांभाळून घेतलं होतं.

"तुझी आहे ना, तिथे माझी होती," ताई म्हणाली. "तुझ्या सासऱ्यांनी माझी काढली आणि तिथे तुझी लावली. मला मोडली म्हणून सांगितलं. मोडली नाही. ही बघ, माझ्या पिशवीत आहे."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. ती पटकन खाली बसली आणि पक्षी काढायला लागली.

ताईने वाकून तिचा हात धरला. "राहू दे. तुझी काय चूक गं त्यात? तुझी फांदी मीच केलीय, मन लावून केलीय. लावलेली फांदी काढायची नसते."

मग तिने चपला घातल्या. भावजय "ताई, निदान चहा तरी..." म्हणाली. भाचा खुर्चीवरून उतरला आणि तसाच उभा राहिला, बापाकडे बघत. ताई जिना उतरू लागली. गुडघे दुखत होते, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती आणि रडत होती. अगदी लहान मुलासारखी, नाक ओढत. तिला त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या मजल्यावर ती पोचली तेव्हा वरून धावत येणारी पावलं ऐकू आली. "ताई! ताई, थांब!" आवाज धाकट्याचा होता.

ती थांबली. खरं सांगायचं तर तिचं मन तेवढ्यात विरघळलंसुद्धा. पदराने डोळे पुसले. चल वर, एवढं जरी म्हणाला तरी जाऊ, असं तिने ठरवून टाकलं. मागे भिंतीकडे तर भिंतीकडे.

धाकटा धापा टाकत दोन पायऱ्या वर थांबला.

"ताई, आईबाबांच्या फांद्या राहिल्यात गं," तो म्हणाला. "आजीचीपण. त्या कोण सजवणार? पाहुणे सहाला येतायत."

ताईने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग पिशवीत हात घातला. बटणांची माळ काढून त्याच्या एका हातावर ठेवली, नटांची पुडी दुसऱ्या हातावर. कोणतं बटण कोणाच्या सदऱ्याचं, ते तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. दोन्ही हात भरल्यामुळे त्याला कठडा धरता येईना, म्हणून तो तिथेच उभा राहिला, आणि ती उरलेला जिना उतरून रस्त्याला लागली.